चेन ठीक आहे, रनर गेलाय

माणसाची अब्रू घराण्यात असते, वागणुकीत असते की बँकेतल्या शिलकेत असते, यावर आपल्याकडे पुष्कळ लिहून झालं आहे. माझ्या मते ती पँटच्या चेनमध्ये असते, आणि त्यातही चेनवरच्या त्या करंगळीच्या नखाएवढ्या रनरमध्ये. घराणं बुडालं तरी माणूस चारचौघांत जाऊ शकतो. रनर गेला तर नाही. जावंच लागलं तर पोटाच्या जरा खाली वर्तमानपत्र धरून जातो. कोलकात्यात वर्तमानपत्र हातात असलेला माणूस कुणालाच संशयास्पद वाटत नाही, एवढीच काय ती सोय.

असा माणूस एस्प्लनेड गाठतो. एस्प्लनेड म्हणजे बंगाली माणसाचं धर्मतला. देशातली पहिली मेट्रो 1984 साली इथूनच भवानीपूरला गेली, आणि 2024 पासून हुगळीच्या पात्राखालून हावडा मैदानाला जाणारी गाडीही इथेच मिळते. मैदानाच्या कडेला 1828 सालचा मिनार आहे. तो आधी ऑक्टरलोनी नावाच्या साहेबाचा होता, 1969 पासून शहिदांचा आहे. टिपू सुलतानाच्या मुलाने बांधलेली मशीद आहे, लेनिनचा पुतळा आहे, के. सी. दासांचा रसगुल्ला आहे, आणि जेमतेम जीव धरून असलेली ट्राम आहे. एवढा इतिहास एका चौकात कोंबल्यामुळे नवीन माणूस सारखा वर बघत चालतो. मी खाली बघत चालतो. कारण या गावातला दुरुस्तीचा सगळा धंदा खाली, फुटपाथवर बसलेला आहे.

न्यू मार्केटकडे वळणाऱ्या फुटपाथवर, बॅगांच्या ढिगाच्या आडोशाला, चेनवाला बसतो. खाली पोतं, पुढ्यात लाकडी खोकं. खोक्यात दोन पकडी, एक चिमटा, ब्लेड, जाड सुई, काळा दोरा, मेणबत्तीचं थोटूक आणि होमिओपॅथीच्या रिकाम्या बाटल्या. कोलकात्यात साबुदाण्याएवढ्या गोड गोळ्या न खाल्लेलं घर शोधूनही सापडणार नाही, त्यामुळे बाटल्यांना तोटा नाही. त्या बाटल्यांत रनर भरलेले. एका बाटलीत तीन नंबर, दुसरीत पाच, तिसरीत आठ, मोठ्या बाटलीत दहा. रनरच्या पाठीवर बारीक आकडा कोरलेला असतो, तो हा. साधारणपणे बंद झालेली चेन जितके मिलिमीटर रुंद, तितका तो आकडा. आपण जन्मभर चेन ओढतो, पण तिची पाठ कधी बघत नाही.

गिऱ्हाईक येतं ते लाजत येतं. आधी बॅगांचे भाव विचारतं, मग बेल्टचे, मग इकडेतिकडे बघून हळूच "दादा, एकटा काज छिलो", म्हणजे एक काम होतं, असं पुटपुटतं. चेनवाल्याला सगळं ठाऊक असतं. तो न बोलता मागच्या खिळ्यावरचा लाल चौकड्यांचा गामछा काढून देतो. ढिगाच्या मागे जायचं, गामछा गुंडाळायचा, पँट बाहेर द्यायची. सकाळी दहाच्या सुमारास गेलात तर वर इस्त्रीचा शर्ट, गळ्यात टाय, खाली लाल गामछा आणि काळे बूट अशा वेशात एखादा गृहस्थ एस्प्लनेडला उभा दिसतो. शेजारच्याशी मोहन बागानच्या बचावफळीबद्दल तावातावाने बोलत असतो. बंगाली माणसाचं मला हे फार आवडतं. चर्चेला विषय चांगला असेल तर खाली काय नेसलंय याने त्याला फरक पडत नाही.

चेनवाला पँट मांडीवर घेतो, रनर एकदा वर नेतो, एकदा खाली आणतो आणि निकाल देतो. "चेन ठीक आछे दादा. रनार गेछे."

हे वाक्य ऐकायला मी मुद्दाम तिथे रेंगाळतो, कारण उरलेल्या जगात ते कुणी म्हणत नाही. शिंप्याकडे जा, तो म्हणतो पूर्ण चेन बदलावी लागेल, आठ दिवसांनी या. ज्या चकचकीत दुकानातून पँट घेतली तिथे जा, तिथली मुलगी आधी "सर" म्हणते, मग हे मॉडेल आता येत नाही म्हणते, मग नवीन कलेक्शन दाखवते. बिघाड नखाएवढा, उपाय साडेतीन हजारांचा. एस्प्लनेडचा माणूस मात्र गेलंय तेवढंच गेलंय असं सांगतो. डॉक्टरांनीही हे वाक्य शिकून घ्यायला हरकत नाही.

आता रनर जातो म्हणजे काय होतं? रनरला वरच्या बाजूला दोन तोंडं असतात आणि खाली एक. मध्ये पाचर असते. रनर वर ओढला की दोन्ही बाजूंचे दात त्या दोन तोंडांतून आत शिरतात, खालच्या तोंडात दाबले जाऊन एकमेकांत बसतात. रोज ओढून ओढून हे खालचं तोंड केसभर फाकतं. मग दात आत शिरतात, बाहेरही पडतात, पण बसत नाहीत. रनर वर पोचलेला असतो आणि खाली दार सताड उघडं. दात शाबूत, कापड शाबूत, फक्त दाब गेलेला. अशा वेळी पकडीने रनरच्या दोन्ही कडा अगदी हलक्या दाबल्या तर चेन आणखी काही महिने निघते. हलक्या, हे महत्त्वाचं. जोर लावला की कच्च्या धातूचा रनर बिस्किटासारखा मोडतो, आणि मग घरात "कुणी सांगितलं होतं उद्योग करायला" हा ठरलेला संवाद होतो.

दाबून भागलं नाही तर चेनवाला खालची शिवण चार टाके उसवतो, जुना रनर काढतो, पाच नंबरची बाटली हातावर उपडी करतो आणि नवा चढवतो. खरी कला इथे आहे. दोन्ही पट्ट्यांची टोकं एका रेषेत धरून रनरमध्ये घालायची. एका बाजूचा एक दात जरी पुढे गेला तरी वर पोचेपर्यंत पँटला पोक येतं. चेनवाला ते न बघता करतो. नजर रस्त्यावर, कारण हातगाडीवाले आणि पोलीस दोन्हीकडे लक्ष ठेवावं लागतं. मग मेणबत्तीचं थोटूक दातांवरून एकदा फिरवतो, खाली दोऱ्याचे सहा-सात आडवे टाके घालून रनरला कुंपण करतो, आणि दोन चहाच्या पैशात माणूस पुन्हा समाजात परततो.

एक तांत्रिक सूचना इथेच देऊन ठेवतो. बॅगेचा रनर पँटला लावू नये. पँटच्या रनरला आतून बारीक दात असतो. कडी खाली पाडली की तो चेनमध्ये रुततो आणि रनर जागचा हलत नाही. बॅगेच्या रनरला बहुतेक वेळा हे कुलूप नसतं. घरगुती दुरुस्ती करणारे उत्साही लोक जुन्या दप्तराचा रनर काढून पँटला बसवतात, मापाला तो अचूक बसतो, आणि मग बसने ब्रेक मारला की दर वेळी तो एकेक इंच खाली उतरतो. श्यामबाजारहून धर्मतल्यापर्यंत किती सिग्नल आहेत याचा हिशेब ज्याचा त्याने करावा.

या चेनेचा जन्म 1893 सालचा. शिकागोच्या व्हिटकम जडसनला बुटाचे बंद बांधायचा कंटाळा होता म्हणे. त्याने आकड्यांची एक साखळी काढून 29 ऑगस्टला तिचं पेटंट मिळवलं, आणि शिकागोत त्याच वर्षी भरलेल्या जागतिक प्रदर्शनात ती मांडली. त्याच प्रदर्शनाला जोडून सर्वधर्म परिषद भरली होती. तिथे 11 सप्टेंबरला मूळचा कोलकात्याचा एक तरुण संन्यासी बोलायला उभा राहिला. विवेकानंद गाजले, जडसनची साखळी अडकली. तिचे आकडे ऐनवेळी सुटायचे. स्वामीजींच्या अंगावर झगा, कमरेला शेला, डोक्याला फेटा. म्हणजे अडकण्यासारखं काही नाही आणि सुटण्यासारखंही नाही. मग 1913 साली गिडियन सुंडबॅक या मूळच्या स्वीडिश अभियंत्याने दात बारीक आणि दाट केले, इंचाला चार होते ते दहा केले, तेव्हा कुठे चेन विश्वासाला पात्र झाली. अमेरिकेतल्या गुडरिच कंपनीने 1923 मध्ये ती रबरी बुटांना लावली आणि झिपर हे नाव चालवलं. तादाओ योशिदा यांनी 1934 मध्ये जपानात कंपनी काढली. तिची वायकेके ही तीन अक्षरं आज निम्म्या जगाच्या नाभीखाली कोरलेली आहेत आणि फारसं कुणी वाचत नाही. वाचायला वाकायची ती जागाही नव्हे.

कोलकात्याची थंडी हा चेनच्या अभ्यासाचा वेगळा अध्याय आहे. पारा पंधरावर आला की इथे मंकी टोप्या बाहेर येतात. धर्मतल्याहून पुढे वेलिंग्टनला गरम कपड्यांचा भुतिया बाजार बसतो आणि जो तो जॅकेट घेतो. जॅकेटची चेन खालून पूर्ण सुटते. एका बाजूला पिन, दुसऱ्या बाजूला तिचं घर. पिनजवळची पट्टी विसविशीत झाली की पिन हातात येते आणि चेनेला सुरुवातच राहत नाही. बाजार म्हणतो, जॅकेट गेलं. घरगुती कारागीर म्हणतो, थांबा. घरात नखांना लावायचं पारदर्शक पॉलिश असतंच. विसविशीत टोक त्यात भिजवून वाळवायचं, म्हणजे ते कडक होतं. त्यावर चिकटपट्टीचे दोन वेढे घट्ट द्यायचे, पिनच्या मापाने ब्लेडने कापायचे. महिना-दोन महिने छान चालतं. चेनवाल्याची पद्धत याहून पक्की आहे. तो थंड पेयाच्या बाटलीच्या प्लास्टिकची चिंचोळी पट्टी कापतो, मेणबत्तीवर धरून पिनवर मढवतो आणि गरम असतानाच पकडीने दाबतो. बघायला ओबडधोबड, पण आख्खी थंडी निघते. आणि कोलकात्याची थंडी अशी किती दिवसांची?

आमच्या मजल्यावर एक निवृत्त प्राध्यापक राहतात. त्यांनी हेच काम झटपट चिकटणाऱ्या गोंदाने केलं. थेंब जरा पुढे वाहिला. तेव्हापासून ते जॅकेट डोक्यावरून घालतात आणि हे पुलओव्हरच आहे असं सांगतात. त्यांच्या बोलण्यात इतका आत्मविश्वास असतो की मला हल्ली बाकीच्यांच्या जॅकेटांचीच चेन चुकीची वाटते.

अलीकडे या क्षेत्रात शिकलेली मुलंही उतरली आहेत. आमचा पुण्याचा भाचा सॉल्ट लेकच्या एका कंपनीत लागला. त्याच्या सॅकच्या पट्ट्याचं प्लास्टिकचं बक्कल मोडलं. दोन्ही बाजूंनी दाबलं की टक्कन सुटतं ते. एस्प्लनेडला अशी बक्कलं वाटीने मोजून मिळतात. पण भाचा इंजिनिअर. त्याने मापं घेतली, संगणकावर चित्र काढलं, ऑफिसातल्या थ्रीडी प्रिंटरवर रात्रभर ते छापलं आणि सकाळी अभिमानाने आणून दाखवलं. बक्कल झकास बसलं होतं. पुढे वैशाखात सॅक गाडीच्या काचेमागे राहिली. छपाईचं ते प्लास्टिक मक्याच्या स्टार्चपासून करतात, साठ अंशाच्या आसपास ते मऊ पडायला लागतं. कोलकात्याच्या उन्हात बंद गाडीला तेवढं तापायला फार वेळ लागत नाही. बक्कलाने मान टाकली. भाचा आता दुसऱ्या जातीच्या प्लास्टिकचा अभ्यास करतोय. त्याची आई फोनवर विचारते, "अरे, तो पट्टा एकदाचा शिवून का टाकत नाहीस?" यावर त्याच्याकडे शास्त्रीय उत्तर नाही.

मराठी माणूस आणि कोलकाता यांचं नातं तसं मुळात बंदोबस्ताचंच. 1742 साली बर्गी, म्हणजे मराठा स्वार, येतात या धास्तीने इंग्रजांनी गावाभोवती खंदक खणायला घेतला. सात मैलांचा बेत होता, तीन मैलांवर काम थांबलं. मराठे कोलकात्यात आलेच नाहीत. खंदकाचं नाव मात्र मराठा डिच पडलं, आणि पुढे तो बुजवून त्यावरून सर्क्युलर रोड काढला. चेनवाल्याने एकदा मला विचारलं, घर कुठे? महाराष्ट्र म्हटल्यावर तो पकड खाली ठेवून हसला. "ओ, बोर्गी!" अडीचशे वर्षांहून जुनं प्रकरण, पण लहानपणी अंगाईत ऐकलेलं असतं ना. मग त्याने रनरचे पाच रुपये कमी केले. धास्तीने की प्रेमाने ते कळलं नाही.

बर्गी गेले आणि गलाईवाले आले. सांगली जिल्ह्यातल्या विटा, खानापूर, आटपाडी या दुष्काळी पट्ट्यातली माणसं सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यासाठी देशभर पसरली आहेत, तशी ती बडाबाजारातही आहेत. आमच्या परिचयातल्या अशाच एका गृहस्थांच्या घरी घडलेली हकिगत आहे. त्यांच्या मंडळींच्या ब्लाउजचा एक हूक तुटला.

"अवं, बाजारातनं हुकाची पुडी आणा," त्या म्हणाल्या.

"बाजारातनं कशाला?" हे म्हणाले. "मी हाय की."

आणि त्यांनी चांदीची तार ओढली. तार वाकवून, ठोकून, घासून असा देखणा हूक केला की त्या माउलीला तो मागच्या बाजूला लावायचं जिवावर आलं. पण शुद्ध चांदी मऊ. जिना उतरेपर्यंत हूक सरळ झाला. हे कारागीर गडी, हार कसली मानतात! दुसऱ्या दिवशी शेकडा साडेब्याण्णव चांदी आणि बाकी तांबं असा मेळ घालून पुन्हा ओतलं, पुन्हा तार ओढली. हा हूक मात्र पक्का बसला. आता तो ब्लाउज धोब्याकडे जात नाही, मोलकरणीच्या हाती पडत नाही, कपाटात पाटल्यांच्या डब्याशेजारी असतो. ज्या दिवशी हे काम फत्ते झालं त्या दिवशी त्या शांतपणे एवढंच म्हणाल्या, "एका ब्लाउजला सहा हूक असत्यात."

हूक ज्यात अडकतो त्या दोऱ्याच्या घराबद्दल पुरुष कधी बोलत नाहीत, कारण ते त्यांना दिसतच नाही. लोखंडी आकड्यात हूक सुटतो, गंजतो, कापडाला डाग पाडतो. दोऱ्याचे चार फेरे घेऊन त्यावर काजाचे टाके घातलेलं घर कपडा फाटेपर्यंत टिकतं. बदलायचा सुटा भाग म्हणाल तर तो हाच, घरी तयार होणारा, वजन शून्य, किंमत शून्य.

पुरुष पँटच्या हुकाला मात्र छत्रीची तार वापरतात. मोडक्या छत्रीची काडी पकडीने तोडायची, दोन्ही टोकं वळवायची, शिवायची. पोलाद असल्यामुळे ताण चांगला घेते. पण पावसाळ्यात गंजते, आणि पोट आत ओढून धरायची सवय सुटली तर एखाद्या जेवणानंतर थेट पोटात घुसते. ज्यांना आहार आवरायचा आहे त्यांनी करून बघावी.

मिरवणूक असेल तेव्हा तर पँटच्या हुकाची खरी परीक्षा. एस्प्लनेडला वर्षाचे बारा महिने कुणाचा ना कुणाचा मोर्चा असतो. घोषणेला मूठ वर गेली की शर्ट वर जातो, पोट पुढे येतं आणि हुकावर भार पडतो. एक हात वर आणि दुसरा कमरेवर अशा पवित्र्यात क्रांतीच्या घोषणा देणारे मी पाहिले आहेत. लांबून तो हात निर्धाराने कमरेवर ठेवल्यासारखा दिसतो.

बायकांची गोष्ट वेगळी. त्यांनी बाजारावर कधीच भरवसा ठेवला नाही. आपल्याकडच्या मावशी-आत्यांच्या बांगडीत सेफ्टीपिनांचा झुबका असायचा. बंगाली गृहिणी तोच झुबका हातातल्या लोखंडी कड्यात अडकवते. चेन तुटो, बटण तुटो, चपलेचा अंगठा तुटो, शाळेत निघालेल्या नातवाचं दप्तर फाटो, हात मनगटाकडे जातो आणि काम होतं. गर्दीच्या बसमध्ये ती पिन आणखी एका कामी येते, ते ज्यांना टोचलं आहे त्यांना विचारा. ही सेफ्टीपिन काढली वॉल्टर हंट नावाच्या अमेरिकनाने, 1849 साली. पंधरा डॉलरचं देणं होतं म्हणे. तार पिळता पिळता पिन सुचली आणि पठ्ठ्याने सगळे हक्क चारशे डॉलरला विकून टाकले. आमच्या आत्याने निदान दोन बांगडीत ठेवून मग बाकीच्या विकल्या असत्या.

बटणांच्या बाबतीत मात्र बंगाल्यांपुढे हात टेकले. इथे नवरदेवाला पंजाबीला, म्हणजे आपल्या कुडत्याला, लावायची सोन्याची बटणं देतात, बारीक साखळीत ओवलेली, काढता-घालता येणारी. म्हणजे कपडा धुवायला जातो आणि बटणं तिजोरीत जातात. तिकडे बिहारात मेहसीला नदीतल्या शिंपल्यांची बटणं कापायचा धंदा कैक वर्षं चालला. आपल्या कोकणात नारळाच्या करवंटीचं बटण घरच्या घरी करणारे हौशी आहेत. करवंटीचा तुकडा दगडावर घासून गोल करायचा, तापलेल्या खिळ्याने भोकं पाडायची, खोबरेल चोळायचं. छान दिसतं. फक्त काज त्या मापाचं नसतं, मग काज मोठं करायचं, मग ते उसवतं, मग ते विणायचं, आणि रविवार सत्कारणी लागतो.

बटण लावणं सगळ्यांना येतं असा समज आहे. येत नाही. बटण कापडाला चिकटवून शिवलं की काजात गेल्यावर कापड ओढलं जातं आणि दोरा तुटतो. कोलकात्यातल्या मेटियाबुरुजचे ओस्तागर, म्हणजे शिंपी, बटणाखाली आगकाडी ठेवून शिवतात. अवधचा नवाब वाजिद अली शाह लखनौहून हद्दपार होऊन 1856 साली तिथे आला, त्याच्यामागून शिंपी आले, आणि आज त्या भागात घरोघर यंत्रं चालतात. तेव्हा त्यांचं ऐकावं. शिवून झालं की काडी काढायची, बटण वर ओढायचं, आणि खाली राहिलेल्या दोऱ्याच्या मानेला चार वेढे देऊन गाठ मारायची. बटण काडीभर उंच उभं राहतं आणि शर्टापेक्षा जास्त जगतं.

त्यानंतर ते जातं डब्यात. पूर्वी तो डबा बिस्किटांचा असे. माझी मावशी जुना शर्ट बोहारणीला देण्याआधी त्याची सगळी बटणं, टिचबटणं, हूक, कॉलरमधली काडीसुद्धा कापून घ्यायची. बोहारीण शर्ट उलटासुलटा करून म्हणायची, "बाई, बटणं कापल्यावर पातेलं कसं सुटंल? ताटली घ्या." यावर अर्धा तास घासाघीस व्हायची. शेवटी पातेलंही यायचं आणि बटणंही राहायची.

तो डबा आता घरोघर उरलेला नाही, म्हणून ही विनंती. कपडा फडक्याला काढण्याआधी रनर उतरवून घ्या, पाठीवरचा आकडा बघा, तीन-पाच-आठ असे वेगळे ठेवा. बटणं दोऱ्यात ओवून ठेवा, म्हणजे चारही एका जातीची सापडतात. बॅगेचं बक्कल, जॅकेटची पिन, चेनची कडी, काहीही टाकू नका. कडी नसली तर किल्लीची रिंग चालते.

आणि कोलकात्याला आलात तर एस्प्लनेडला जरूर जा. शनिवारी दुपारी नको, दुर्गापूजेच्या आधीच्या महिन्यात तर मुळीच नको. तेव्हा न्यू मार्केटच्या गर्दीत धड असलेली चेनही तुटते. कामाच्या दिवशी सकाळी लवकर जा, सुटे पैसे न्या. काम पँटचं असेल तर गामछाही घरूनच न्या. त्याच्याकडे एकच आहे, आणि दहा वाजता बँकवाल्यांचा नंबर असतो.